दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य: अर्ज कसा करावा, कुठे अडतो आणि कार्यकर्त्यांनी काय करावे

आपल्या प्रत्येक वस्तीत अठरा वर्षांवरील एखादा तरी दिव्यांग भाऊ किंवा बहीण घरात बसून असते. घरातल्यांना योजना आहे एवढे ऐकून माहीत असते, पण अर्ज कुठे द्यायचा, कोणता कागद आधी काढायचा आणि नाकारला तर पुढे काय, हे कोणी सांगत नाही. तहसीलला दोन हेलपाटे झाले की मजुरी बुडते आणि अर्ज तसाच राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग आहेत. त्याच जनगणनेत देशात दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के नोंदले आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरात सरासरीपेक्षा जास्त आहे. कार्यकर्त्यांना हाताशी ठेवता यावी म्हणून आम्ही ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

ही मेहेरबानी नाही

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांच्या प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत उपलब्ध करून द्यावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून थेट बजावून घेता येत नाहीत, पण त्यांच्या आधारे कायदे होतात. असा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम २४ सामाजिक सुरक्षेचे आहे. इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना मिळणारी रक्कम किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

हे कलम कार्यकर्त्याने पाठ करावे. २०२३ साली संजय गांधी निराधार योजनेची रक्कम १००० वरून १५०० रुपये झाली, तेव्हा ती सर्व प्रवर्गांना सारखीच होती. कायदा २५ टक्के जास्त द्या म्हणत होता आणि प्रत्यक्षात जास्तीचा एक रुपयाही नव्हता. राज्यभर दिव्यांग संघटनांनी आंदोलने केली. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना २५०० रुपये झाली.

कोणत्या योजना आहेत

पहिली, संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही राज्य सरकारची योजना १९८० पासून चालू आहे. तहसील कार्यालयात तिला ‘संगायो’ म्हणतात. ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि दिव्यांग हे तिचे लाभार्थी आहेत. दिव्यांग म्हणून अर्ज करायचा तर दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवे. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न इतर प्रवर्गांसाठी २१ हजार रुपयांपर्यंत, तर दिव्यांगांसाठी ५० हजार रुपयांपर्यंत चालते. इथे नेहमी घोळ होतो. सेतू केंद्रावरचा माणूस सर्वांना २१ हजारांचीच अट सांगतो आणि पात्र दिव्यांग परत जातो.

दुसरी, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना. ही केंद्र सरकारची योजना २००९ मध्ये सुरू झाली. १८ ते ७९ वयाच्या, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्या व्यक्तीसाठी ती आहे. केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे आणि २०१२ नंतर त्यात वाढ झालेली नाही. महाराष्ट्रात त्यावरची उरलेली रक्कम राज्य सरकार घालते. अर्ज त्याच शाखेत करायचा असतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसले म्हणून निराश होऊ नये; उत्पन्नाच्या दाखल्यावर संगायोचा अर्ज करता येतो.

तिसरी, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर अर्ज या योजनेत जातो. या योजनेतील दिव्यांगांनाही २५०० रुपयांचा निर्णय लागू आहे.

ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी भरले, पण कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, कुष्ठरोग किंवा एड्स यांसारखा आजार आहे, त्यांनी दुर्धर आजाराच्या प्रवर्गातून संगायोचा अर्ज करून पाहावा. त्यासाठी शासकीय रुग्णालयाचा वैद्यकीय दाखला लागतो.

पहिला कागद: दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

बाकी सगळे कागद एका महिन्यात जमतात. वेळ लागतो तो या प्रमाणपत्राला, म्हणून सुरुवात इथूनच करावी. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच दिले जाते. पोर्टलवर अर्ज भरताना आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तपासणीसाठी रुग्णालय निवडावे लागते. त्यानंतर रुग्णालयाच्या ठरलेल्या दिवशी मंडळासमोर जायचे असते. अस्थिव्यंग, डोळे, कान, मानसिक आजार यांची तपासणी वेगवेगळ्या वारी होऊ शकते. आधी फोन करून किंवा एका कार्यकर्त्याने जाऊन वार विचारून यावे. चालता न येणाऱ्या माणसाला उगाच रिक्षाचे भाडे भरायला लावू नये.

तपासणीला जाताना जुने सर्व कागद न्यावेत: ऑपरेशनचे कागद, एक्स-रे, चष्म्याचा नंबर, मानसोपचाराच्या चिठ्ठ्या, जुने अपंग प्रमाणपत्र. बौद्धिक अक्षमता किंवा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबरोबर तिची रोजची काळजी घेणारा माणूस हवा, कारण डॉक्टर जेवण, अंघोळ, पैशांचा व्यवहार याबद्दल विचारतात. घरचे लोक लाजेखातर ‘तो सगळे करतो’ असे सांगतात आणि टक्केवारी कमी पडते. जे खरे आहे तेच सांगावे, वाढवू नये आणि लपवूही नये.

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे विकार २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्व म्हणून आले आहेत. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. ‘हातपाय तर धड आहेत, मग दिव्यांग कसा’ असे घरातच म्हटले जाते आणि प्रमाणपत्र काढलेच जात नाही. विदर्भातील कार्यकर्त्यांनी याकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

कार्डाचा रंग पाहून टक्केवारी कळते: ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरे, ४० ते ८० टक्क्यांसाठी पिवळे आणि ८० टक्क्यांच्या वर निळे. प्रमाणपत्र कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे, हे नीट वाचावे. मुदत संपली आणि नवे काढले नाही तर अनुदान थांबू शकते. टक्केवारी चुकीची वाटली किंवा प्रमाणपत्र नाकारले, तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. त्याची मुदत निर्णयापासून ९० दिवसांची आहे.

बाकीची कागदपत्रे

अर्जासोबत साधारणपणे पुढील कागद लागतात:

- आधार कार्ड आणि रेशनकार्ड
- वयाचा पुरावा: शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला किंवा शासकीय डॉक्टरांचा वयाचा दाखला
- १५ वर्षांच्या वास्तव्याचा रहिवासी दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा
- दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड
- बँक किंवा पोस्टाच्या खात्याचे पासबुक
- पासपोर्ट आकाराचे फोटो

सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच असावी. आधारवर ‘बाई’ आणि रेशनकार्डावर नाही, एवढ्यावरून अर्ज मागे येतो. दुरुस्ती आधी करून घ्यावी.

अर्जातील प्रवर्गाच्या रकान्याबद्दल आपल्या लोकांच्या मनात शंका असते. मंजुरीसाठी जात ही अट नाही. पण या योजनेचा निधी सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून येतो, म्हणून प्रवर्ग विचारतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. त्यामुळे धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती असे लिहायला काहीच अडचण नाही. जातीचा दाखला असेल तर जोडावा. शेजारणीचे पैसे आले आणि आपले आले नाहीत, असे कधी कधी होते. त्याचे एक कारण हेच असते की दोन लेखाशीर्षांचा निधी वेगवेगळ्या दिवशी सुटतो.

अर्ज कुठे द्यायचा आणि पुढे काय होते

अर्ज तहसील कार्यालयाच्या संगायो शाखेत द्यायचा. सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून आणि आपले सरकार पोर्टलवरूनही तो भरता येतो. अर्ज दिल्यावर तारीख, शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घ्यावी. पोच नसेल तर उद्या तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असे म्हणायला वाव राहतो.

त्यानंतर तलाठ्यामार्फत चौकशी होते आणि छाननी होऊन अर्ज समितीच्या बैठकीपुढे जातो. समितीचे अध्यक्ष अशासकीय असतात आणि तहसीलदार सदस्य सचिव असतात. बैठक लांबली की मंजुरीही लांबते. म्हणून ‘अर्ज कुठे आहे’ यापेक्षा ‘पुढची बैठक कधी आहे आणि आमचा अर्ज त्या यादीत आहे का’ असे विचारावे. समिती नेमलेली नाही हे अर्ज थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, अशा वेळी अधिकाऱ्यांच्या स्तरावर निर्णय घेता येतो.

अर्ज आणि मंजुरी यांना लाच लागत नाही. ‘पहिल्या दोन महिन्यांचे पैसे आमचे’ असा सौदा करणारे दलाल बहुतेक तहसीलच्या आवारात दिसतात. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

मंजूर झाले, पण पैसे येत नाहीत

आता रक्कम डीबीटीने, म्हणजे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. इथे एक बारीक गोष्ट आहे. बँकेने केवायसीसाठी आधार घेतलेले असणे आणि ते खाते डीबीटीसाठी आधारशी जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय माणसाची खाती तीन असली तरी पैसे डीबीटीसाठी शेवटी जोडलेल्या खात्यातच जातात. अनेकदा पैसे आलेले असतात, पण विसरलेल्या जुन्या खात्यात पडून असतात. म्हणून तक्रार करण्याआधी बँकेत जाऊन किंवा आधारच्या संकेतस्थळावर आपले कोणते खाते जोडलेले आहे ते तपासावे. कुठलेच जोडलेले नसेल तर बँकेत लेखी संमतीचा अर्ज द्यावा, किंवा पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडून घ्यावे.

ज्यांना बोटे नाहीत, कुष्ठरोगाने किंवा कष्टाने ज्यांचे ठसे उमटत नाहीत, किंवा डोळ्यांची प्रतिमा घेता येत नाही, त्यांचेही आधार निघते. अशांसाठी नोंदणीत बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे. ‘ठसा येत नाही, म्हणून आधार नाही’ हे उत्तर मान्य करू नये.

हयातीचा दाखला आणि मागितला तेव्हा उत्पन्नाचा दाखला वेळेत दिला नाही तर नाव थांबते. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील लाभार्थ्यांची एक वही ठेवावी आणि त्यात प्रत्येकाच्या दाखल्याची मुदत लिहावी. एवढ्या एका वहीने पुष्कळांचे अनुदान वाचते.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीचे वय १८ झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँक तेव्हा खाते उघडायला नकार देते. अशा वेळी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. मात्र जी व्यक्ती आपला व्यवहार स्वतः समजून करू शकते, तिच्यावर पालक लादू नये. पैसा तिचा आहे आणि तो खर्च करण्याचा निर्णयही तिचाच आहे.

दिव्यांग महिलांसाठी एक सूचना. लाडकी बहीण योजनेच्या अटींनुसार दुसऱ्या शासकीय योजनेतून महिना १५०० किंवा त्याहून जास्त रक्कम मिळत असेल तर त्या योजनेसाठी अपात्र ठरतात. दोन्ही घेण्याच्या मोहात पडू नये. ज्या बहिणीचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर आहे आणि उत्पन्न मर्यादेत आहे, तिच्यासाठी २५०० रुपयांची संगायो फायद्याची आहे.

अर्ज नाकारला किंवा दाबून ठेवला तर

तोंडी नकार हा नकार नसतो. ‘कारण लेखी द्या’ असा अर्ज द्यावा. बहुतेक वेळा कारण एखादा राहिलेला कागद असतो. तो जोडून पुन्हा अर्ज करावा.

लेखी उत्तरच मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम २००५ वापरावा. शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ आहे. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अर्ज लांबलचक करू नये, पुढील चार गोष्टी मागाव्यात: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर दिनांकनिहाय झालेली कार्यवाही, समितीच्या गेल्या दोन बैठकांच्या तारखा, त्या बैठकांच्या इतिवृत्ताची प्रत, आणि अर्ज नामंजूर असल्यास त्याच्या आदेशाची प्रत. दृष्टी किंवा श्रवण दिव्यांग अर्जदाराला माहिती मिळवण्यासाठी मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे याच कायद्याच्या कलम ७(४) मध्ये आहे.

उत्पन्नाचा किंवा रहिवासी दाखलाच अडवला असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. अधिसूचित सेवेची मुदत संपली की कार्यालयातीलच वरिष्ठांकडे अपील करता येते. त्यापुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार आणि पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार हे मार्ग आहेत. आयुक्तांकडे टपालानेही तक्रार पाठवता येते, त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही. दिव्यांगत्वावरून भर कार्यालयात कोणी जाणूनबुजून अपमान केला, तर कलम ९२ खाली तो गुन्हा आहे.

ग्रामपंचायत आणि महापालिकेचा पैसा

महाराष्ट्रातील ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. काही महापालिका यातून स्वतंत्र मासिक अर्थसाहाय्यही देतात. गावात हा पैसा अनेकदा वर्षाअखेरीस घाईने वाटला जातो किंवा पडून राहतो. ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षीचे स्वउत्पन्न किती होते, आणि त्याचे ५ टक्के कोणाला व कशासाठी दिले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

आमचे म्हणणे

अर्ज नीट भरला तर पुष्कळांना लाभ मिळेल. तरीही एक भिंत उरते, ती ५० हजारांच्या मर्यादेची. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. बाप नाक्यावर रोज ४०० रुपयांनी महिन्यात २५ दिवस गेला, तर वर्षाचे १ लाख २० हजार होतात. म्हणजे मजुरी करणाऱ्या बापाचा दिव्यांग मुलगा कागदावर सधन ठरतो. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख रुपये आहे. बहिणींना अडीच लाख चालतात, मग दिव्यांगाला ५० हजारच का, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

या मर्यादेचा आणखी एक परिणाम होतो. खरे उत्पन्न लिहिले तर लाभ जातो, म्हणून लोक खोटा दाखला काढतात आणि मग दलालाच्या मुठीत जातात. रेशनकार्ड फक्त कागदावर वेगळे केले जाते. खोटे कागद आम्ही कोणालाही सुचवत नाही, कारण पडताळणीत नाव कापले गेले तर वसुली त्या गरिबाच्याच मागे लागते. पण माणसाला खोटे बोलायला लावणारी अट बदललीच पाहिजे.

प्रौढ दिव्यांग व्यक्तीचे उत्पन्न मोजताना तिचे स्वतःचे उत्पन्न धरावे, बापाचे आणि भावाचे नाही, ही आमची मागणी आहे. तीस वर्षांच्या माणसाला औषधासाठी, बसच्या तिकिटासाठी भावापुढे हात पसरावा लागतो. त्याच्या हातात स्वतःचे २५०० रुपये आले तर घरातले त्याचे स्थान बदलते. तोपर्यंत किमान मर्यादा अडीच लाखांपर्यंत वाढवावी. केंद्राने आपले ३०० रुपये वाढवावेत आणि रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा व्हावी.

मागणीला जोर आकड्यांनी येतो. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने, प्रत्येक युवक मंडळाने आपल्या वस्तीतील १८ वर्षांवरील दिव्यांगांची यादी करावी. यादीत पाच रकाने पुरेत: प्रमाणपत्र आहे का, टक्केवारी किती, अर्ज केला का, कधी केला, आणि सध्या पैसे मिळतात का. नाव आणि आजार गावभर वाचून दाखवू नये, यादी विश्वासू कार्यकर्त्याकडेच ठेवावी. ज्यांचे प्रमाणपत्र नाही त्यांना आधी रुग्णालयात न्यावे. ज्यांचे अर्ज अडले आहेत त्यांचे एकत्र निवेदन तहसीलदारांना द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. निवेदन देताना दिव्यांग बांधव स्वतः बोलतील अशी व्यवस्था करावी. आपण त्यांच्या बाजूला उभे राहावे, त्यांच्यापुढे नव्हे.